फिरतंय, पण तापत नाही

"फिरतंय, पण तापत नाही." फोनवर हे शब्द ऐकले की मी आधी एकच विचारायचो, "कुणी हात लावलाय का त्याला?" पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं, "छे छे, कुणीच नाही!" मग मी पिशवीत जास्तीची वायर टाकायचो, कारण कुणीतरी हात लावलेला असायचाच.

माझं सगळं आयुष्य कपडे वाळवायच्या मशिनांत गेलं. घरगुती नव्हेत, मोठी मशिनं. हॉटेलं, दवाखाने, कॉलेजची वसतिगृहं, जिथं रोज चादरींचे ढीग निघतात तिथली. औरंगपुऱ्यात एका जिन्याखाली माझं दुकान होतं. आमचं गाव खुलताबादच्या पलीकडं, घरी शेती. आयटीआय करून मी या धंद्यात पडलो तेव्हा बाप चार माणसांत सांगायचा, "आमचं पोरगं कपडे वाळवायचं मशीन नीट करतंय. व्हय, कपडे वाळवायचं! का रं, तुमच्या शहरात ऊन संपलं व्हय?" लोक हसायचे. मीही हसायचो, पण आतून चिडायचो. पोटाचा धंदा आहे, त्याची थट्टा बापानंही करू नये असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही वाटतं.

ज्यांनी ड्रायर बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक मोठं लोखंडी पिंप आडवं फिरतं, त्यात ओले कपडे. मागं हीटरची पेटी, तिच्यात विजेच्या शेगडीसारखी तारेची वेटोळी. एक पंखा हवा ओढतो. ती हवा हीटरवरून तापत येते, कपड्यांतून जाते, त्यांचं पाणी घेते आणि पत्र्याच्या नळकांड्यातून भिंतीबाहेर पडते. झालं, एवढंच. 'फिरतंय पण तापत नाही' म्हणजे मोटारीला वीज मिळतेय, हीटरला मिळत नाही. मग ती वाटेत कुठं अडली ते शोधायचं. आधी तिन्ही फेज येतात का बघायचं, कारण आपल्याकडं एखादा फेज रुसून बसणं रोजचंच. मग हीटरची तार तुटली का. मग थर्मोस्टॅट, म्हणजे बाहेर जाणारी हवा पुरेशी तापली की हीटर बंद करणारा आणि ती निवली की चालू करणारा. आणि शेवटी तो, ज्याच्यापायी मी हे लिहायला बसलोय. हीटरच्या पेटीवर बसवलेला, बोटाच्या पेराएवढा थर्मल फ्यूज. पेटी वाजवीपेक्षा जास्त तापली की हा जळतो आणि हीटरची वीज तोडून टाकतो. मोटार चालूच राहते, पिंप फिरतच राहतं, कपडे मात्र गारढोण.

काम संपलं की मी बाहेर जाऊन नळकांड्याच्या तोंडासमोर तळहात धरायचो. तापमान मोजायचं यंत्र होतं माझ्याकडं, पण माझा भरवसा हातावर. हात तिथं निवांत ठेवता आला, ऊब आवडली, तर मशीन ठीक. हात मागं घ्यावासा वाटला तर आत काहीतरी बिघडलेलं आहे.

गिऱ्हाइकं तर अशी भेटली की विचारू नका. अजिंठ्याच्या रस्त्यावर एक हॉटेल होतं. तिथला ड्रायर तापेना म्हणून गेलो, झाकण उघडलं आणि शिंका सुरू झाल्या त्या थांबेचनात. मॅनेजर म्हणतो, "सर्दी झालेली दिसते तुम्हाला." म्हटलं, "सर्दी गेली खड्ड्यात, आत काय घातलं होतं ते बोला!" शेवटी आचारी मान खाली घालून पुढं आला. पावसात लाल मिरचीला बुरशी येत होती, म्हणून त्यानं ती उशीच्या खोळीत भरून ड्रायरमध्ये फिरवली होती. खोळ फाटली, मिरचीची सालं जाळीत जाऊन बसली, हवा कोंडली आणि फ्यूज जळला. त्या आठवड्यात तिथं उतरलेले पाहुणे उशीवर डोकं टेकल्यावर का रडत होते, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. पुढं मात्र तो आचारी मला फार आठवला.

फ्यूज जळला की आमच्या धंद्यात दोन रस्ते असतात. एक, हवा कुठं कोंडली ते शोधायचं, वाट मोकळी करायची, नवा फ्यूज टाकायचा. दुसरा, फ्यूजच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना पिळायच्या आणि वरून टेप गुंडाळायची. याला म्हणतात 'डायरेक्ट करणं'. चहा यायच्या आत काम होतं. मशीन लगेच तापतं, गिऱ्हाईक खूश. आपल्याकडं किती मोटारी, किती गिझर असे डायरेक्टवर चालतात याचा हिशोबच नाही, आणि चालतात हेच तर वाईट, कारण चालत्या वस्तूला कुणी उघडून बघत नाही. मला हे काम कधीच जमलं नाही. कपड्यांतून जो कापसासारखा भुसा निघतो त्याला आम्ही रुई म्हणायचो. ती नळकांड्यात साचलेली असते, हाडासारखी कोरडी. डायरेक्ट केलेल्या ड्रायरमध्ये हवा कोंडली की हीटर लालभडक होतो आणि त्याला थांबवणारं कुणी उरत नाही. एक ठिणगी पुरते. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. लोकांनी मला पदवी दिली, 'लई शहाणा मिस्त्री'. गिऱ्हाइकंही तुटली. तुटू दे, मी काय त्यांच्या पाया पडणार होतो?

आता त्या दवाखान्याचं सांगतो. जालना रोडच्या आतल्या बाजूला होता, बाळंतपणाचा. नाव सांगत नाही. श्रावणात अशी झड लागली होती की दोरीवर टाकलेला रुमाल तिसऱ्या दिवशीही दमटच. अशात तिथल्या व्यवस्थापकांचा, देसाई साहेबांचा फोन आला. तेच वाक्य. फिरतंय, पण तापत नाही.

लाँड्री मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये होती, आणि शेडच्या भिंतीला भिंत लावून बाळंतिणींचा वॉर्ड. ते बघूनच माझ्या कपाळावर आठी पडली. इथं आग लागली तर पलीकडं अंगावर टाके पडलेल्या बाया आणि चार दिवसांची लेकरं. पळणार कोण आणि कशी? हे मी देसाई साहेबांना तिथंच बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मिस्त्री, अभद्र बोलू नका. मशीन बघा."

कामावर शेवंताबाई होती. अजिंठ्याकडची, पन्नाशीला टेकलेली, आणि आवाज असा की मशीन चालू असतानाही तिला ओरडावं लागत नव्हतं. ती म्हणाली, "काल दुपारपास्नं गार पडलंय बगा. म्या काय बी केलं नाय." मी विचारलं नसताना ती हे म्हणाली, ते माझ्या लक्षात राहिलं.

फेज तिन्ही होते. हीटरची तार शाबूत. थर्मोस्टॅट ठीक. फ्यूज जळलेला. जाळी काढून धुतली, नळकांड्यातून मुठी भरभरून रुई ओढली, नवा फ्यूज टाकला. नळकांडं ज्या बोळात उघडत होतं तिथं जाऊन तळहात धरला. छान ऊब होती. देसाई साहेबांना म्हटलं, "चला, झालं." मी आपला समाधानानं घरी.

पुढच्याच आठवड्यात पुन्हा फोन. पुन्हा फ्यूज जळलेला, पुन्हा दुपारीच. आता माझं डोकं फिरलं. जाळी स्वच्छ, नळकांडं स्वच्छ, पंखा जोरात ओढतोय, मग हवा कोंडते कुठं? मशीनचा एकेक पत्रा काढला. काही नाही. वैतागून बोळात गेलो. नळकांडं कमरेएवढ्या उंचीवर भिंतीतून बाहेर यायचं, त्याच्यावर पावसासाठी पत्र्याची टोपी. तिच्या खालीच भिंतीला एक सुंभाची बाज टेकवून ठेवलेली. आणि वास येत होता, ओवा भाजल्यासारखा.

"ही बाज कुणाची?" मी शेवंताबाईला विचारलं.

"वाचमनची."

"वॉचमन तर पुढं गेटवर बसतो."

"मंग हितं झोपायला येत आसल. मला काय ठावं? मी काय त्याची राखण करती व्हय?" तिनं चादरींचा ढीग उचलला आणि पाठ फिरवली.

एवढ्यात देसाई साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ऑपरेशनच्या चादरी आणि झगे धुऊन, वाळवून मग वाफेच्या मोठ्या भांड्यात निर्जंतुक करतात. ओलं कापड त्यात घातलं तर जंतू राहायची भीती. "दोन सिझेरियन दाखल आहेत," ते म्हणाले. "कोरडं कापड नसेल तर डॉक्टर मॅडमनी हात कसा लावायचा? तुम्ही फ्यूज टाकता, तो जळतो. पुन्हा टाकता, पुन्हा जळतो. आमचा सुदाम म्हणतो तो फ्यूजच काढून टाका. डायरेक्ट करा."

सुदाम तिथला वायरमन. आयटीआयला माझ्याच वर्गात होता, हाताला चलाख. मी म्हटलं, "साहेब, फ्यूज उगाच जळत नाही. काहीतरी हवा अडवतंय. ते सापडेपर्यंत डायरेक्ट केलं तर या भिंतीपलीकडं काय आहे ते तुम्हीच बघा."

"मग शोधा ना!"

"शोधतोय की! मी काय इथं हवा खायला आलोय?"

आवाज चढला. ओपीडीतल्या बाया वाकून बघायला लागल्या. मी नवा फ्यूज टाकला आणि जाताना बजावलं, "पुन्हा गार पडलं तर पडू द्या. मला बोलवा. पण त्या वायरींना कुणी हात लावायचा नाही." देसाई साहेब नुसते घड्याळाकडं बघत होते. मला ते आवडलं नाही.

त्यानंतर मला चैन पडेना. जेवताना, दुकानात बसलेलो असताना, डोक्यात एकच. दुपारीच का? सकाळी चालतं, दुपारी जळतं. दुपारी तिथं असं काय होतं? बायकोनं ताटात तिसऱ्यांदा भाकरी वाढली तरी मी नको म्हटलं नाही. ती म्हणाली, "मशीन जेवतंय का माणूस?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मीच दवाखान्यात फोन लावला. देसाई साहेबांनी उचलला. आवाज एकदम मोकळा. "अहो मिस्त्री, आता काळजी नको. परवा तुमचा तोही फ्यूज गेलाच. आज सकाळी आमच्या सुदामनं चालू करून दिलं. छान तापतंय. आधीपेक्षा जास्तच!"

मी खुर्चीतून उठलो. "जास्त म्हणजे? डायरेक्ट केलं?"

"तुम्ही नाही केलंत, त्यानं केलं."

"साहेब, बंद करा! आत्ताच्या आत्ता मेन स्विच पाडा!"

"मिस्त्री, ऑपरेशन थिएटरच्या चादरी आहेत आत. हा घाणा संपू द्या, मग बघू." आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. दुकान तसंच उघडं टाकून मी स्कूटरला किक मारली.

पोळ्याचा बाजार म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. औरंगपुऱ्यापासून पैठण गेटपर्यंत माणसावर माणूस. बैलांच्या झुली, घुंगरमाळा, गोंडे, रंगाचे डबे, सगळं रस्त्यावर मांडलेलं. वरून भुरभुर पाऊस. खेड्यातून आलेले लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहून गोंड्यांचा भाव करत होते. मी हॉर्न दाबूनच धरला होता. "सरका! ओ पाव्हणं, सरका!" एक जण म्हणाला, "आरं, बैलाचा सण हाय, तू कशाला उधळतोस?" एरवी मी त्याला चांगला सुनावला असता. त्या दिवशी दिसेल त्या फटीतून स्कूटर पुढं घातली. दोन वेळा स्कूटर घसरली. क्रांती चौकात पोलिसानं हात केला, तो बघूनही न बघितल्यासारखं केलं. दुपार झालेली होती. जे काही व्हायचं ते दुपारीच व्हायचं, एवढं मला माहीत होतं, आणि काय व्हायचं ते माहीत नव्हतं.

दवाखान्याच्या आवारात शिरलो तेव्हाच वास आला. इस्त्रीखाली कापड करपतं तसा. शेडमध्ये कुणीच नव्हतं. पिंप गरगर फिरत होतं. मागच्या पत्र्याच्या फटीतून हीटरची पेटी दिसत होती, आणि ती लाल झाली होती. पंखा घोंघावत होता, पण हवा पुढं जात नव्हती. आवाजावरूनच कळतं ते, पंख्याचा श्वास अडल्यासारखा आवाज येतो. मी मेन स्विच पाडला. पिंप थांबलं. आणि भिंतीपलीकडून, बोळातून, बायकांच्या बोलण्याचा आवाज आला.

मी धावत बोळात गेलो. समोर जे दिसलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

नळकांड्याच्या टोपीवरून एक जाड गोधडी तंबूसारखी खाली सोडलेली होती. वर विटा ठेवून पक्की केलेली. खाली ती बाज, आणि बाजेवर गोधडीच्या आत कुणीतरी बसलेलं. बाहेर एक म्हातारी ओव्याची पुरचुंडी घेऊन उभी. शेवंताबाई वरून छत्री धरून. गोधडीच्या आतून तान्ह्या लेकराचा कुरकुर आवाज.

एका क्षणात सगळं डोक्यात उजाडलं. शेक! बाळंतिणीचा शेक! आपल्याकडं बाळंतीण बाजेवर निजते आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, ओव्याची धुरी देतात. पावसाळ्याचं बाळंतपण असलं तर शेकाशिवाय म्हाताऱ्या ऐकतच नाहीत. दवाखान्यात शेगडी आणायला बंदी. आणि इथं भिंतीतून फुकटची गरम हवा बाहेर जात होती. दुपारी भेटायला येणाऱ्या बाया आल्या की एकेका बाळंतिणीला आणून इथं बसवायच्या, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून वरून गोधडी टाकायची. हवा तिथं कोंडायची. थर्मोस्टॅटपर्यंत गरम हवा पोचायची नाही, मागं हीटर तापत राहायचा, आणि तो बिचारा एवढासा फ्यूज स्वतः जळून सगळ्यांना वाचवायचा. आज तो फ्यूज नव्हता.

"उठा! बाजूला व्हा!" मी ओरडलो आणि गोधडी धरून ओढली.

परक्या पुरुषानं बाळंतिणीच्या अंगावरचं पांघरूण ओढलं. म्हातारीनं काय करावं? तिनं शेवंताबाईच्या हातातली छत्री हिसकावली आणि माझ्या पाठीत घातली. "मुडद्या! लाज हाय का? वल्ली बाळंतीण हाय, डोळं फुटलं का तुजं?" दुसरी बसली, तिसरी बसली. मी मार खात बाजेचा पाय धरला आणि पोरीसकट, लेकरासकट बाज मागं ओढली. पोरगी किंचाळली. बाज जेमतेम चार हात सरकली असेल.

गोधडी निघून वाट मोकळी झाली तशी कोंडलेली हवा सुटली, नळकांड्यातून आधी धूर आला. मग फुस्स आवाज झाला आणि पेटलेल्या रुईचा गोळा बाहेर पडला, जिथं त्या पोरीचा पदर होता बरोबर तिथं. मागून दुसरा. खाली पडलेल्या गोधडीनं पेट घेतला.

म्हातारीची छत्री हवेतच राहिली.

"चादरी!" मी शेवंताबाईला ओरडलो. ती बाई हलली ती विजेसारखी. शेडमध्ये धुतलेल्या ओल्या चादरींचा ढीग होता. कवळा भरून तिनं आणला, मी एकेक चादर नळकांड्याच्या तोंडात कोंबली, तिनं एक गोधडीवर टाकून पायानं दाबली. मग मी आत जाऊन मशीनच्या बाजूनं नळकांड्याचा जोड उचकटला आणि तिथूनही ओलं कापड कोंबलं. आत बराच वेळ चरचर आवाज येत होता. मग तो थांबला. ज्या चादरी वाळत नाहीत म्हणून सगळा दवाखाना अडला होता, त्या ओल्या होत्या म्हणून बरं.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण मला शेवट दुसऱ्याच गोष्टीनं करायचाय. देसाई साहेब धावत आले, काळी पडलेली गोधडी बघितली, बाजेवर बघितलं आणि भिंतीला धरून खाली बसले. "मी फोन ठेवला," एवढंच दोनदा म्हणाले. शेवंताबाई त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. "साहेब, म्याच बायांना ही जागा दावली. गार फरशीवर बाळंतिणी कुडकुडत्यात, शेगडी तुमी आणू देत नाय. हितं ऊब वाया जात व्हती." माझ्याकडं वळून म्हणाली, "आन तुमी विचारलं ते बी खेकसूनच. आसं कोण सांगल?" साहेबांनी तिला कामावरून काढायचं ठरवलं होतं. डॉक्टर मॅडमनी काढू दिलं नाही. त्यांनी वॉर्डाच्या टोकाची एक खोली बाळंतिणींच्या शेकासाठी मोकळी केली, गरम पाण्याच्या पिशव्या आणल्या आणि त्या खोलीचं काम शेवंताबाईकडंच दिलं. त्या दिवशीचं कापड दुसऱ्या एका दवाखान्यातून उसनं आणलं, दोन्ही सिझेरियन नीट झाली. नळकांड्याच्या तोंडाला मी लोखंडी सळ्यांचा मोठा पिंजरा बसवला, कुणी काही टाकू म्हटलं तरी टाकता येऊ नये असा. सुदाम पुष्कळ दिवस माझ्याशी बोलला नाही. मग एकदा दुकानात आला, फ्यूजची पाकिटं मागितली आणि चहा न घेता गेला. आम्हा मिस्त्री लोकांत माफी अशीच मागतात. एवढं होऊनही डायरेक्ट करणं काही थांबलं नाही. आज माझ्या नातवाच्या कॉलनीतला गिझरही डायरेक्ट आहे, आणि तिथंही मी लई शहाणाच ठरलोय.

तर तो बोळ. आग विझली, धूर राहिला. बाजेवरची पोरगी रडत होती, शेवंताबाई तिला धरून आत न्यायला लागली. म्हातारीनं लेकरू उचलून घेतलं होतं. ती त्या जळक्या गोधडीकडं बघत होती. भोक पडलं होतं तिच्या मधोमध, ताटाएवढं. मला वाटलं, आता रडणार. मग तिनं एकदम लेकरू माझ्यापुढं धरलं.

"धर."

"मी? आजी, माझे हात काळे आहेत."

"धर म्हन्ते ना! लेकीला चक्कर आलीया, तिला धराया दोन मानसं पायजेत. आन थरथरू नको, लेकरू हाय ते, बाँब न्हाय."

मी शर्टाला हात पुसले आणि घेतलं. इतकुसं होतं. डोळे मिटून, मुठी वळून, काही झालंच नाही अशा थाटात. त्याच्या पाठीखाली माझा तळहात होता. सवयीनं मी थांबलो आणि अंदाज घेतला. ऊब होती. हात मागं घ्यावासा वाटत नव्हता.